चित्राखालची ओळ

श्रीरंग देवस्थळी पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा प्रियदर्शनी एका गेलेल्या मास्तरांच्या फोटोला काच बसवत होती. साल सत्त्याण्णव, फेब्रुवारीचा शेवट. बंगळूरच्या चामराजपेटेतलं ‘कंग्राळकर फ्रेम वर्क्स’ हे तिच्या वडिलांचं, ज्योतिबांचं दुकान. बेळगावजवळच्या कंग्राळीहून ते तरुणपणी इथं आले, सुतारकामातून फ्रेमच्या धंद्यात शिरले आणि इथलेच होऊन गेले. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळं त्यांना सरळ रेघ धड दिसत नसे. ते गल्ल्यापाशी बसून गिऱ्हाइकांशी कन्नडमधून गप्पा मारत आणि कापाकापीचं सगळं काम सव्वीस वर्षांची प्रियदर्शनी करी. मुलीचा हात आपल्याहून नेमका आहे, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. तिला मात्र कधी सांगत नसत.

श्रीरंग पुण्याचा. हॉटेलांची आणि ऑफिसांची आतली सजावट करणारा, वर्षभरापूर्वी बंगळूरला आलेला. दुकानाच्या पाटीवर मराठी आडनाव वाचून तो आत शिरला होता. त्यानं टेबलावर एक मोठी कापडी फाइल उघडली.

“बावीस प्रिंट्स आहेत. कॉफीच्या मळ्यातल्या एका जुन्या बंगल्याचा लिलाव झाला, त्यात मिळाल्या,” तो म्हणाला. “दीडशे वर्षांपूर्वी डच लोकांनी छापलेल्या. जावा, सुमात्रा, तिकडच्या बेटांवरचे लोक. नवीन हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये लावायच्यात. पंधरा दिवसांत ओपनिंग आहे.”

प्रियदर्शनीनं हात पुसले आणि एकेक कागद उचलून पाहिला. दगडावरून छापलेली, मग हातानं रंगवलेली चित्रं होती. एका पानावर होडीच्या टोकाशी भाला घेऊन उभा राहिलेला माणूस. एकावर कानात जड कड्या घातलेला म्हातारा, मांडीवर लांब तलवार. एकावर पट्ट्यापट्ट्यांचं लाल कापड छातीपर्यंत गुंडाळलेली बाई, हातात सुताची गुंडी. कागद जाड होता, सुती, अजून कणखर. मात्र त्यावर जागोजागी दमटपणाचे तपकिरी ठिपके पडले होते आणि कडांना कसरीनं भोकं पाडली होती. प्रत्येक चित्राखाली बोटभर जागा सोडून परक्या भाषेत एक ओळ छापली होती.

“ही खालची पट्टी उडवून टाका,” श्रीरंग म्हणाला. “डच कोण वाचणार? आणि प्रत्येकीची लांबी वेगळी आहे, भिंतीवर एकसारखी दिसत नाहीत. चित्राच्या कडेला लागून सरळ कट मारा. मला बावीसच्या बावीस युनिफॉर्म पाहिजेत.”

“कापल्यावर परत जोडता येणार नाही,” प्रियदर्शनी म्हणाली.

“जोडायचंय कुणाला?”

ज्योतिबांनी गल्ल्यापासूनच मान हलवली. “सरी, साहेब. तुम्ही म्हणाल तसं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पोलादी फूटपट्टी लावून सहा चित्रांच्या पट्ट्या कापल्या. नवं पातं होतं, कागद लोण्यासारखा कापला गेला, आणि खरं सांगायचं तर तिला त्या नेमक्या कापाचं समाधानही वाटलं. सहा पट्ट्या माउंटच्या, म्हणजे चित्राभोवती बसवायच्या पुठ्ठ्याच्या, कपच्यांबरोबर खालच्या टोपलीत पडल्या. तेवढ्यात मोठ्या फोटोचं घाईचं काम आलं आणि उरलेली सोळा चित्रं तशीच राहिली.

मंगळवारी सिस्टर आग्नेस आपल्या दोन तसबिरी न्यायला आल्या. जवळच्या मुलींच्या हॉस्टेलचं स्वयंपाकघर त्या सांभाळत. साठीच्या, बुटक्या, सावळ्या. लोक त्यांना मणिपूरच्या नाही तर नागालँडच्या समजत आणि त्या कुणाची समजूत दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसत. बोलणं इंग्रजीत, आणि मध्येच ‘स्वल्प’, ‘साकु’ असे भाजीवालीकडून शिकलेले कन्नड शब्द.

प्रियदर्शनी तसबिरी कागदात बांधत होती. सिस्टर टेबलावर पसरलेली चित्रं बघत पुढं सरकल्या आणि लाल कापडातल्या बाईपाशी थांबल्या. मग त्यांनी कागदाला हात न लावता, हवेतच बोट फिरवून त्या कापडाचे पट्टे मोजले.

“हे कुठून आलं?” त्यांनी विचारलं.

प्रियदर्शनीनं सांगितलं.

“हे कापड आमच्याकडचं आहे,” सिस्टर म्हणाल्या. “मी इंडोनेशियाची. फ्लोरेसच्या पूर्वेला लहान लहान बेटं आहेत, तिथली. हे कापड बाजारात मिळत नाही. सूत आधी बांधायचं, मग मुळांच्या रंगात बुडवायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं, पुन्हा बुडवायचं. एका कापडाला वर्ष लागतं, कधी दोन. लग्नात मुलीकडून जातं. पट्ट्यांचा क्रम बघून बायका सांगतात, ही कुठल्या गावची, कुठल्या घरची.”

प्रियदर्शनीला हे समजायला अवघड गेलं नाही. तिची आई असताना इरकली लुगड्याचा काठ बघून बाईचं माहेर ओळखायची.

“मग ही कुठल्या गावची?”

“तेच बघतेय. आमच्या बेटाची वाटते. पण हे मधले तीन बारीक पट्टे मी कधी पाहिले नाहीत. आजीच्या वेळी असतील.” सिस्टरनी शेजारचं, अजून न कापलेलं चित्र जवळ ओढलं आणि खालची ओळ सहज वाचली. “‘रोटे बेटावरचा मासेमार.’ लहानपणी आम्हाला शाळेत डच नन शिकवायच्या. मार खाऊन शिकलेलं विसरत नाही माणूस.” त्या हसल्या आणि पुन्हा बाईच्या चित्राकडे वळल्या. “हिच्या खाली काय लिहिलं होतं?”

प्रियदर्शनीनं टोपलीकडे पाहिलं. टोपली रिकामी होती. दर मंगळवारी सकाळी यल्लव्वा येऊन दुकानाची रद्दी पोत्यात भरून नेई. आजही नेली होती.

“मी कापलं,” ती म्हणाली. “काल.”

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसला.

“असू दे. तुझं कामच ते,” त्या म्हणाल्या. “फक्त, आता ही कोण ते कळणार नाही.”

त्यांनी तसबिरी उचलल्या आणि उन्हातून हळूहळू हॉस्टेलकडे चालत गेल्या.

त्या दिवशी प्रियदर्शनीनं चित्रांना हात लावला नाही. दुपारी जेवताना तिनं वडिलांना सांगितलं.

“आप्पा, मी ते बाकीचे सोळा कापणार नाही. आणि ज्या सहा पट्ट्या कापल्या त्या शोधून आणणार आहे.”

ज्योतिबांनी भाकरी मोडता मोडता थांबून तिच्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं. “माल गिऱ्हाइकाचा. त्यानं कापा म्हटलं, आपण कापलं. यात आपलं काय चुकलं गे?”

“गेलेल्या माणसाचा फोटो आला की तुम्ही आधी काय विचारता?”

“नाव विचारतो. जन्म, मृत्यू विचारतो.”

“आणि कुणी म्हटलं, नाव नको, नुसता फोटो बसवा, तर?”

“तरी मागं पेन्सिलीनं लिहून ठेवतो.” ते बोलून गेले आणि त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले, “त्या पट्टीवर नावच होतं कशावरून? सामानाची यादीसुद्धा असेल.”

“असेल. वाचल्याशिवाय कसं कळणार?”

“दुकान?”

“तुम्ही आहात की.”

ज्योतिबा ताट सरकवून उठले आणि चाचपडत गल्ल्यावर जाऊन बसले. प्रियदर्शनीनं पायात चपला घातल्या.

यल्लव्वा मार्केटच्या मागच्या गल्लीत राहायची. मूळची गोकाककडची, त्यामुळं ज्योतिबांशी तिची गाववाल्यासारखी ओळख. ती दारातच रद्दीच्या ढिगात बसून वर्तमानपत्रं, पुठ्ठा, वह्या असे गठ्ठे लावत होती. प्रियदर्शनीनं काय हवं ते सांगितल्यावर ती कन्नड आणि मराठी मिसळून म्हणाली, “जाड पट्ट्या व्हय? त्या मी रद्दीत घालत नाही अक्का. पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या वेगळ्या काढते. चिकपेटेत लेसवाला आहे पुरुषोत्तम, तो घेतो. लेस गुंडाळायला लागतात त्याला. तुमच्या दुकानाच्या चांगल्या असतात म्हणतो.”

“आजच्या?”

“आजच्याच. येता येता देऊन आले.”

चिकपेटेतल्या त्या बोळात पुरुषोत्तमचं दुकान म्हणजे जेमतेम एक फळी आणि तिच्यामागं छतापर्यंत रचलेल्या लेसच्या, जरीच्या, रिबिनीच्या गुंडाळ्या. प्रत्येक गुंडाळीच्या पोटात एक पट्टी. पुरुषोत्तमनं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

“अम्मा, आज आलेल्या पट्ट्यांवर दुपारीच माल चढवला. कुठल्या पट्टीवर काय आहे मला काय ठाऊक? हे सगळं उलगडायचं म्हणजे दोन माणसांचं दिवसभराचं काम. सीझन आहे लग्नाचा.”

“मी उलगडते. मीच परत गुंडाळते.”

“आणि पट्ट्या तुम्ही घेऊन गेल्यावर गुंडाळणार कशावर?”

प्रियदर्शनी परत आली. संध्याकाळपर्यंत तिनं चांगल्या माउंट बोर्डाच्या दोनशे पट्ट्या कापल्या, टोकांना खाचा पाडल्या म्हणजे लेस घसरणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषोत्तमनं दुकान उघडायच्या आधीच तो गठ्ठा घेऊन ती त्याच्या फळीसमोर उभी राहिली. त्यानं एक पट्टी हातात घेतली, वाकवून पाहिली, खाच बोटानं चाचपली आणि तिला बसायला एक स्टूल दिलं.

दिवसभर ती लेस उलगडत होती. पांढरी, मोतिया, सोनेरी, गुलाबी. उलगडायची, पट्टी बघायची, नव्या पट्टीवर गुंडाळायची, टाचणी लावायची. दुपारपर्यंत एकही सापडली नाही. बहुतेक पट्ट्या तिच्याच दुकानातल्या जुन्या माउंटच्या होत्या, एका लग्नपत्रिकेचा तुकडा निघाला, एक बुटाच्या खोक्याचा. बोटांच्या टोकांना जरीनं चिरा पडल्या. पुरुषोत्तम गिऱ्हाईक करता करता तिच्याकडे तिरका बघायचा. दोन वाजता त्यानं न विचारता कॉफी मागवली. तीन वाजता हिरव्या रिबिनीच्या पोटातून पहिली निघाली. जाड, पिवळट, कडेला कसरीची तीन भोकं आणि मधोमध ती परकी ओळ. तिला ती अक्षरं वाचता येत होती, अर्थ लागत नव्हता. साडेपाचपर्यंत आणखी तीन मिळाल्या.

“दोन राहिल्या,” ती म्हणाली.

आता पुरुषोत्तमलाही चुटपुट लागली होती. त्यानं वही काढली. “काल दुपारनंतर उधारीवर माल गेला तो एकाच ठिकाणी. मल्लेश्वरमला. कल्पना म्हणून मॅडम आहेत, ब्लाउज शिवतात. बाकी सुटे गिऱ्हाईक. ते कुठं शोधणार तुम्ही?”

तिसऱ्या दिवशी ती बसनं मल्लेश्वरमला गेली. कल्पना मुंबईहून नवऱ्याच्या कंप्युटरच्या नोकरीमुळं इथं आलेली, घरातल्याच एका खोलीत दोन मशिनं टाकून बसलेली. मराठी ऐकताच तिनं चहा टाकला.

“क्रीम कलरची लेस ना? ती तर लागली पण. थांबा, पट्टी असेल,” ती म्हणाली आणि मशिनच्या खणात हात घालून कात्र्या, खडू, बॉबिनमधून एक पट्टी ओढून काढली. “सॉरी हं. मागं मी मापं लिहिलीत एका कस्टमरची. कागद काय मस्त आहे, पेन अजिबात फुटलं नाही.”

पट्टीच्या मागच्या बाजूला निळ्या शाईत लिहिलं होतं: छाती चौतीस, बाही सहा, गळा मागून खोल. प्रियदर्शनीनं कल्पनाला ती मापं दुसऱ्या कागदावर उतरवून दिली. पट्टी वहीत ठेवली. परतीच्या बसमध्ये वही दोन्ही हातांनी छातीशी धरून ती बसली.

सहावी पट्टी कुणा सुट्या गिऱ्हाइकाबरोबर गेली होती. शुक्रवारी ती पुन्हा चिकपेटेत गेली, शनिवारी पुन्हा. पुरुषोत्तमनं आपल्या येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना विचारलं. सहावी मिळाली नाही.

रविवारी दुपारी सिस्टर आग्नेस दुकानात आल्या. ज्योतिबांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. प्रियदर्शनीनं सहा चित्रं ओळीनं मांडली आणि पाच पट्ट्या बाजूला ठेवल्या. आधी तिनं सिस्टरना वाचू दिलं नाही.

“अर्थावरून लावायच्या नाहीत,” ती म्हणाली. “चुकतील. कागद बघून लावू.”

ते काम तिच्या धंद्यातलं होतं. तपकिरी ठिपका अर्धा चित्राच्या कडेला आणि अर्धा पट्टीवर. कसरीनं वरून खाली कुरतडत नेलेली नागमोडी वाट एका कागदावरून दुसऱ्यावर गेलेली. कागद उजेडासमोर धरला की दिसणाऱ्या बारीक रेघा. तिनं एकेक पट्टी सहाही चित्रांखाली लावून पाहिली. जी बसायची ती अशी बसायची की कापाची जागा डोळ्याला दिसत नसे. कल्पनाकडून आणलेली पट्टी लाल कापडातल्या बाईखाली बसली. उजव्या कोपऱ्यातला एक मोठा डाग दोन्हीकडून येऊन पुरा झाला.

“आता वाचा.”

सिस्टरनी चष्मा लावला. पहिल्या चार ओळी त्यांनी भराभर सांगितल्या: नियास बेटावरचा सरदार, सोलोरचा नावाडी, तिमोरमधला घोडेवाला, आणि तलवारवाला म्हातारा बोर्निओचा. मग पाचवीपाशी आल्या आणि ती ओठांतल्या ओठांत दोनदा वाचून पाहिली.

“‘पेनी. लोंबलेन बेटावरची विणकरीण,’” त्या म्हणाल्या. “लोंबलेन म्हणजे आमचंच बेट. डच लोक तसं म्हणायचे.”

“पेनी म्हणजे?”

“नाव आहे. बाईचं नाव. माझ्या आईचंही हेच होतं. आमच्याकडे घरटी एक पेनी असते.” त्यांनी बाकीच्या सगळ्या चित्रांवरून नजर फिरवली. बाकी कुणाच्या खाली नाव नव्हतं. सरदार, नावाडी, मासेमार, एवढंच होतं. “हिलाच कुणी विचारलं असेल, तुझं नाव काय? आणि हिनं सांगितलं असेल.”

ज्योतिबा गल्ल्यावरून ऐकत होते. ते उठून टेबलापाशी आले आणि डोळे बारीक करून त्या ओळीवर वाकले. त्यांना दिसलं नसणार काही. तरी तसेच वाकून उभे राहिले.

“खळ कर,” ते मुलीला म्हणाले. “त्यात मोरचूद घालू नको. कागद हिरवा पडेल.”

“माहीत आहे, आप्पा.”

तिनं मैद्याची पातळ खळ शिजवली, फडक्यातून गाळली, थंड होऊ दिली. पांढऱ्या झिरझिरीत कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडल्या, कापल्या नाहीत, म्हणजे कडा पुढून उमटणार नाहीत. पाचही चित्रं मागच्या बाजूनं सांधली. वर काच, काचेवर विटा. दुसऱ्या दिवशी उचलून पाहिलं तेव्हा सांधा केसासारखा दिसत होता. नीट बघणाऱ्याला दिसला असता. कल्पनाच्या कस्टमरची मापं मागं तशीच राहिली, कारण ती पुसायला गेलं तर कागद खरवडला असता.

मग चौकटींचा प्रश्न होता. श्रीरंगनं दिलेल्या मापाच्या बावीसच्या बावीस चौकटी तिनं रात्री बसून आधीच तयार केल्या होत्या, काचा कापून झाल्या होत्या. नव्या करायला ना लाकूड ना वेळ. तिनं एक चौकट समोर ठेवून विचार केला आणि मग तिला वाट दिसली. चौकट तीच ठेवायची. आतल्या माउंटची खालची बाजू तीन बोटं रुंद होती. ती एक बोट करायची आणि खिडकी तेवढी खाली वाढवायची. बाहेरून माप तेच राहील, भिंतीवर सगळ्या एकसारख्या दिसतील, आणि ओळ काचेच्या आत राहील. बावीस माउंट पुन्हा कापावे लागणार होते. ते तिनं चार दिवसांत कापले.

श्रीरंग आला तेव्हा उद्घाटनाला तीन दिवस राहिले होते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या चौकटी त्यानं लांबून पाहिल्या आणि खूश झाला. जवळ गेला आणि थांबला.

“हे काय? खालचं टेक्स्ट काढायला सांगितलं होतं मी.”

“ठेवलंय,” प्रियदर्शनी म्हणाली. “बाहेरचं माप तुम्ही दिलंय तेच आहे. मोजून बघा.”

“मापाचा प्रश्न नाही. माझ्या क्लायंटला क्लीन लुक पाहिजे.” तो पेनीच्या चित्रावर वाकला. “आणि ही लाइन कसली? जोडलंय?”

“आधी तुमच्या सांगण्यावरून कापलं होतं. मग जोडलं. पाच जोडलेत. एकाची पट्टी मिळाली नाही, ते तसंच आहे.”

“म्हणजे माझ्या प्रिंट्स तुम्ही न विचारता—”

“कापल्या विचारून, जोडल्या न विचारता. जोडायच्या आधी तुम्हाला फोन करायला हवा होता. ती चूक माझी.” तिचा आवाज चढला नाही. “पण साहेब, बाकी कुणाचं नाव माहीत नाही. या एका बाईचं आहे. ते मी दुसऱ्यांदा कापणार नाही. एका चित्राचं ठेवायचं आणि बाकीच्यांचं उडवायचं, तेही करणार नाही. तुम्हाला हवं असेल तर सगळी चित्रं काढून देते, चौकटी आमच्याकडे राहू देत. तुम्ही दुसरीकडे करून घ्या.”

श्रीरंगनं ज्योतिबांकडे पाहिलं. “काका, तुम्ही तरी सांगा.”

ज्योतिबा शांतपणे म्हणाले, “मला दिसत नाही साहेब. कापणारी ती. ती नाही म्हणते. मग या दुकानात कापलं जाणार नाही.”

श्रीरंग थोडा वेळ दुकानातच येरझाऱ्या घालत राहिला. बाहेर जाऊन एसटीडी बूथवरून कुणाला तरी फोन करून आला. मग त्यानं पुन्हा एक चौकट उचलली, हात लांब करून धरली, डोळे मिटल्यासारखे करून पाहिली.

“लांबून वाईट दिसत नाही,” तो शेवटी म्हणाला. “तीन दिवसांत दुसरा कोण करून देणार मला. पण मग या एकाच्या खाली रिकामं का? सेटमध्ये खटकतंय. काहीतरी लिहून टाका ना. रोटे, तिमोर, काहीही. कोण विचारणार आहे?”

“माहीत नाही ते कसं लिहू?”

“अहो, डेकोरेशन आहे हे.”

“मग रिकामं चालेल.”

त्यानं मान हलवली, हसला नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि बावीस चौकटी घोंगड्यांत गुंडाळून गेल्या. त्यानंतर श्रीरंगनं कंग्राळकरांना दुसरं काम दिलं नाही.

एप्रिलमध्ये प्रियदर्शनी सिस्टर आग्नेसना घेऊन त्या हॉटेलात गेली. दारावरच्या रखवालदारानं एकदा सिस्टरच्या रबरी चपलांकडे आणि एकदा हिच्या सुती साडीकडे पाहिलं आणि काय काम विचारलं. “आतल्या चित्रांच्या फ्रेम मी केल्यात. एक बघायचीय,” ती कन्नडमध्ये म्हणाली. त्यानं आत विचारलं आणि त्यांना बाजूच्या दारानं सोडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या लांब गालिच्याच्या कॉरिडॉरमध्ये पेनी लिफ्टपासून सातवी होती. सिस्टरनी पिशवीतून वही आणि रंगीत पेन्सिली काढल्या. तासभर उभ्या राहून त्यांनी त्या कापडाचे पट्टे उतरवून घेतले: किती लाल, किती निळे, कुठं ठिपके, कुठं कंगव्यासारख्या दातेरी रेघा, मधले तीन बारीक पट्टे कशाच्या कशाजवळ. एक वेटर ट्रे घेऊन थांबला, बघत राहिला आणि मग आतून एक खुर्ची घेऊन आला.

ते कागद पोस्टानं त्यांच्या बेटावर गेले. तिथं त्यांची धाकटी बहीण केवा अजून विणायची.

उत्तर यायला आठ महिने लागले. सिस्टर पत्र घेऊन दुकानात आल्या आणि त्यांनी ते वाचता वाचता इंग्रजीत सांगितलं. केवानं लिहिलं होतं की गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला कागद दाखवला. तिनं ते मधले तीन पट्टे ओळखले. ते डोंगराच्या पलीकडल्या एका घराण्याचे, आता तिथं कुणी विणत नाही. पण रंगवणाऱ्यानं चूक केली आहे. मधला पट्टा निळा दाखवलाय, तो निळा असूच शकत नाही. निळा तिथं घातला तर ते कापड लग्नात चालणार नाही, मयताला चालेल. तो लालच पाहिजे. केवानं तो लाल धरून सूत बांधायला घेतलं होतं.

“म्हणजे चित्रात चूक आहे,” प्रियदर्शनी म्हणाली.

“विणणारीची नाही. रंगवणाऱ्याची. तो बिचारा कुठं तरी हॉलंडमध्ये बसून रंगवत असेल.”

प्रियदर्शनीनं श्रीरंगला फोन केला. चित्रं आता हॉटेलची आहेत, माझा संबंध नाही, तो म्हणाला. ती हॉटेलात गेली. मॅनेजर रजेवर होते. पुढच्या आठवड्यात गेली तेव्हा ते मीटिंगमध्ये होते. तिसऱ्या खेपेला ती हातात हत्यारांची पेटी घेऊन गेली आणि लॉबीत बसून राहिली. दोन तासांनी मॅनेजर आले. काचेला हात न लावता, चित्राला हात न लावता, फक्त चौकट उतरवून मागच्या कागदावर चार ओळी लिहायच्या आहेत, अर्ध्या तासात परत टांगते, असं तिनं त्यांना सांगितलं. कशासाठी, ते त्यांनी विचारलं. तिनं तेही सांगितलं. ते म्हणाले, पंधरा मिनिटांत होईल का?

तिनं चौकट उतरवली, गालिच्यावर पालथी ठेवली आणि गुडघ्यांवर बसून पेन्सिलीनं लिहिलं. आधी इंग्रजीत, मग कन्नडमध्ये, मग मराठीत: मधला पट्टा निळा नाही, लाल आहे. रंगवणाऱ्याची चूक. ही दुरुस्ती लोंबलेनच्या केवा यांनी कळवली. त्याखाली महिना आणि साल घातलं. मग चौकट उचलून खिळ्यावर लावली, एका बाजूला किंचित कलली होती ती बोटानं सरळ केली, आणि पेटी बंद केली.